कूलंट गळून इंजिन तापतंय? दोष शोधायचा क्रम

इंजिन तापलं की नवखा माणूस बहुतेक वेळा थर्मोस्टॅटवर (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) संशय घेतो. तो बदलतो, वरून कूलंट भरतो, आणि चार दिवसांत काटा पुन्हा लाल पट्ट्यात. कूलंट कमी झालेलं असेल तर तापणं हा नुसता परिणाम असतो. थर्मोस्टॅट, पंखा, सेन्सर यांच्याकडे वळण्याआधी एकाच प्रश्नाचा छडा लावायचा: आतलं कूलंट गेलं कुठे? ही बंद यंत्रणा आहे. ठणठणीत गाडीत कूलंटच्या बाटलीतली पातळी कित्येक महिने जवळपास हलत नाही. ‘दर महिन्याला थोडं टाकावं लागतं, बाकी गाडी मस्त आहे’ असं कोणी म्हणत असेल तर त्या गाडीत गळती आहे, फक्त ती अजून सापडलेली नाही.

आत काय चालतं, तेवढं आधी

साध्या मोटारीत एकूण ४ ते ८ लिटर कूलंट असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. पंप हे कूलंट ब्लॉकमधून (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) आणि हेडमधून (त्याच्यावर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि कूलंट इंजिनात आणि हीटरमध्येच फिरतं. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि मग रेडिएटर कामाला लागतो. नव्या काही इंजिनांत हा आकडा १०० च्या पुढेही असतो.

निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने १ बार दाब धरला की तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकण हा नुसता बूच नाही, तो दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. दाब गेला की इंजिनचं तापमान न वाढताही कूलंट उकळायला लागतं.

पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो आणि प्रवाह तुटतो. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासची जागा सगळ्यात गरम, तिथे वाफेचे खिसे तयार होतात. वाफ उष्णता वाहून नेऊ शकत नाही, त्यामुळे तिथला धातू झपाट्याने तापतो. यातच एक मोठा धोका दडलेला आहे: तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट त्याच्या खाली गेलं की तो वाफ किंवा हवा मोजतो आणि काटा मधोमध, कधी चक्क खाली दिसतो. इंजिन जळायच्या बेतात आणि डॅशबोर्डवर सगळं आलबेल. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बसवलेला असतो. तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो हलत नाही, आणि हलला की थेट वर जातो.

म्हणून काट्याइतकंच लक्ष हीटरकडे द्यायचं. इंजिन गरम आहे, हीटर पूर्ण गरमवर लावलाय आणि तरी थंड वारा येतोय, याचा अर्थ हीटरपर्यंत कूलंट पोचत नाही. कमी कूलंटची इतकी लवकर आणि इतकी फुकट मिळणारी दुसरी खूण नाही.

चालत्या गाडीत काटा चढला तर

१. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण वेगात. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, थोडी उष्णता तिथून बाहेर जाते.

२. काटा नुसता वर सरकलाय, वाफ नाही, हीटरमधून गरम वारा येतोय आणि गाडी गर्दीत अडकलीय, तर न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन पाहता येतं. पंपाचा वेग वाढतो आणि काटा उतरतो. अर्ध्या मिनिटात उतरला नाही तर पुढची पायरी.

३. काटा लालमध्ये, वाफ, गोडसर वास, लाल दिवा किंवा हीटरमधून थंड वारा: यातलं एक जरी असेल तरी गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘पुढच्या वळणापर्यंत नेऊ’ हा विचार महागात पडतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला दोन-तीन मिनिटंही पुरतात.

४. इंजिन बंद झाल्यावर चावी ऑनवर ठेवली तर काही गाड्यांत पंखा फिरत राहतो. फिरत असेल तर फिरू द्या. बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. उघडल्यावर हात पंख्यापासून लांब ठेवा. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत तो आपोआप सुरू होतो.

५. किमान ४५ मिनिटं थांबा. इंजिनावर किंवा रेडिएटरवर थंड पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर अचानक थंड पाणी पडलं तर हेड किंवा ब्लॉकला तडा जातो. गरम इंजिनात आतून थंड पाणी ओतलं तरी तोच धोका.

झाकण उघडताना

आधी वरचा जाड होज पाईप कापडाने दाबून पाहा. कडक लागला तर आत दाब आहे, झाकणाला हात लावायचा नाही. मऊ लागला आणि हात ठेवता येण्याइतका गार असेल तरच पुढे जा. जाड कापडाची घडी झाकणावर ठेवा, चेहरा बाजूला घ्या, पाव फेरा फिरवा आणि थांबा. फुसफुस पूर्ण थांबल्यावर, रेडिएटरचं झाकण असेल तर खाली दाबून, उरलेलं फिरवा. घाईने उघडलेल्या झाकणातून उकळतं कूलंट कारंज्यासारखं उडतं आणि थेट तोंडावर येतं. गाडी तापल्यावर होणाऱ्या इजांमध्ये हीच सगळ्यात वाईट, आणि पूर्ण टाळता येणारी.

उघडल्यावर पातळी पाहा आणि किती लिटर भरावं लागलं ते मोजा. अर्धा लिटर गेलं असेल तर बारीक, जुनी गळती. तीन लिटर एकदम गेलं असेल तर होज फाटलाय, टाकीला तडा गेलाय किंवा पंपाचं सील सुटलंय. शोध कुठून सुरू करायचा ते हा आकडा सांगतो.

गळती शोधणं: आधी डोळ्यांनी

इंजिन थंड, हातात चांगला टॉर्च आणि एक छोटा आरसा. कूलंट वाळलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी मागे राहते. ओली जागा सापडली नाही तरी ही खरपुडी सापडते. ती दिसली की तिथून वरच्या दिशेने माग काढत जा; थेंब खाली पडतो तिथे गळती क्वचितच असते.

गाडीखाली पाणी दिसलं म्हणून घाबरू नका. एसी चालवल्यावर पुढच्या सीटच्या साधारण खाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं. कूलंट बोटांना तेलकट-चिकट लागतं, वास गोडसर येतो आणि रंग असतो. वास घ्या, पण चव बघू नका. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसून घ्या, काढलेलं कूलंट झाकणबंद डब्यात ठेवा आणि गटारात ओतू नका.

आता जागा, साधारण ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने.

होज आणि क्लिपा. प्रत्येक होज पिळून पाहा. नवा होज टणक पण लवचिक असतो. कडक होऊन करकरणारा, स्पंजासारखा मऊ पडलेला किंवा टोकाशी फुगलेला होज बदलायचाच. तडे बहुधा क्लिपेच्या अगदी कडेला असतात, म्हणून होज वाकवून ती जागा उघडी करा. काही गळत्या फक्त रात्री गार झाल्यावर होतात: रबर आणि धातू आकसले की क्लिप सैल पडते, सकाळी दोन थेंब खाली, आणि इंजिन गरम झालं की सगळं पुन्हा घट्ट. अशी गाडी दुपारी कितीही तपासली तरी काही सापडत नाही. ती सकाळी पहिल्या स्टार्टच्या आधी पाहायची. हीटरकडे जाणारे आणि थ्रॉटल बॉडीखालून जाणारे बारीक होज विसरू नका. लोक वरचे दोन जाड पाईप पाहतात आणि गळत असतो बोटाएवढा पाईप.

रेडिएटर. हल्लीच्या रेडिएटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. दोन्हींचा सांधा दाते वळवून बसवलेला असतो. गळती बहुधा त्या सांध्यातून. प्लास्टिकला गेलेला केसाएवढा तडा थंड असताना मिटतो आणि दाब चढला की उघडतो. तळाचा ड्रेन प्लगही पाहा.

कूलंटची बाटली. झाकण दाब धरणारं असेल तर बाटलीही दाबाखाली असते. पिवळी पडलेली बाटली शिवणीवर फुटते. तळाकडून हात फिरवून पाहा, वरून काही दिसत नाही.

वॉटर पंप. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं: आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. तिथे कोरडा डाग चालतो. ओघळ दिसला तर पंप गेला. ते भोक एमसीलने बुजवणारे लोक आहेत, आणि त्यांचं बेअरिंग पुढच्याच महिन्यात वाजायला लागतं. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर तो कव्हरच्या आत लपलेला असतो आणि गळती कव्हरच्या खालच्या कडेतून येते. अशा गाडीत पंप बदलताना टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही सोबतच बदलतात, कारण खोलायचं काम तेच.

थर्मोस्टॅटची हाऊसिंग. प्लास्टिकची असेल तर कालांतराने वाकते आणि रबर रिंगशी सांधा सुटतो.

हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर. बाहेर काहीच ओलं नाही, पण आत गोड वास, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं आणि पायाखालचं कार्पेट ओलं. धुकं कापडाने पुसलं तर तेलकट पट्टा मागे राहतो. श्वासाच्या वाफेने आलेल्या धुक्यात तसं होत नाही.

ब्लॉकच्या बाजूला बसवलेले पत्र्याचे गोल प्लग आतून गंजून झिरपतात. बऱ्याच डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा इंजिनात परत सोडायचा गॅस गार करणारा भाग) आतल्या आत गळतो. मग कूलंट एक्झॉस्टमधून जातं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

प्रेशर टेस्ट

डोळ्यांनी सापडलं नाही तर हातपंप आणि मीटर असलेला प्रेशर टेस्टर लावा. तो झाकणाच्या जागी बसतो. इंजिन थंड, कूलंट काठोकाठ. झाकणावर ०.९, १.१ किंवा १.४ (बार) असा जो आकडा कोरलेला असेल तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त नाही. जास्त दाबाने चांगला रेडिएटरही फुटतो. मग १५ मिनिटं काटा पाहा. हलला नाही तर थंड स्थितीत गळती नाही. उतरत असेल तर टॉर्च घेऊन पुन्हा सगळ्या जागा तपासा. इंजिन बंद असल्याने गळतीचा आवाजही ऐकू येतो. थंडमध्ये दाब टिकला तर इंजिन थोडं कोमट करून बंद करा आणि चाचणी पुन्हा घ्या.

त्याच टेस्टरला अ‍ॅडॅप्टर लावून झाकणही तपासा. आकड्याच्या जवळ येईपर्यंत त्याने दाब धरला पाहिजे आणि त्याच्या थोडं वर सोडला पाहिजे. स्प्रिंग ढिली झाली की कूलंट लवकर उकळून बाटलीत जातं आणि ओसंडून वाहतं. बाकी सगळं धडधाकट असतं. झाकणात मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो, तो इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. तो अडकला तर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसतो. झाकण बदलताना आकडा तोच घ्या. ‘जास्त दाबाचं म्हणजे जास्त चांगलं’ असं काही नसतं.

बारीक गळतीसाठी कूलंटमध्ये यूव्ही डाय टाकून एक-दोन दिवस गाडी चालवतात. मग निळ्या दिव्यात गळतीची जागा पिवळट-हिरवी चमकते.

बाहेर कुठेच गळत नाही, तरी पातळी उतरते

आता हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील. याची लक्षणं लोकांना पाठ असतात, पण निम्मी अर्धवट. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट साय दिसणं हा पुरावा नाही; थंड हवेत छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ चहाच्या रंगाचं झालं असेल तर मात्र गाडी स्टार्टसुद्धा करू नका, बेअरिंगं जातील. सकाळी पहिल्या मिनिटाला येणारा पांढरा धूरही बहुधा नुसती वाफ असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट, गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला तर गोष्ट वेगळी.

भरवशाच्या चाचण्या या:

रात्रभर थंड झालेली गाडी स्टार्ट करा आणि वरचा होज हातात धरा. मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन कोमटही व्हायच्या आत तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. उष्णतेने दाब वाढायला इतका कमी वेळ पुरत नाही.

ब्लॉक टेस्टर: नळीत निळा द्रव असतो, झाकणाच्या जागेवरची हवा त्यातून ओढली जाते. ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो. चाचणीआधी कूलंटची पातळी दोन-तीन इंच खाली आणा, नाहीतर कूलंट नळीत ओढलं जाऊन द्रव खराब होतो आणि निकालही.

स्पार्क प्लग काढून पाहा. एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजणारी चाचणी) शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्या मधल्या पट्टीत उडालंय. याउलट, कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून गॅस्केट चांगलं असं ठरत नाही. बारीक गळतीत आकडे ठीकच येतात.

एक सावधगिरी. गाडी तापून बंद पडली आणि नंतर स्टार्टर एकदम ‘ठक’ करून अडला, तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साचलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंधन आणि इग्निशन तोडून सगळे प्लग काढा, मग इंजिन फिरवा, आणि तेव्हा भोकांसमोर उभे राहू नका.

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेडचा सपाटपणा तपासा. अनेक अ‍ॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या पुढचा वाक चालत नाही. नेमकी मर्यादा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहा. जास्त असेल तर हेड फेस करून (मशीनवर सपाट करून) आणि तड्यांसाठी तपासून घ्यावं लागतं. कोन मोजून आवळायचे बोल्ट असतील तर ते ताणले जातात, नवेच घालायचे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या काही गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं आणि गिअर ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं. अशा वेळी गाडी टो करूनच न्यायची.

भरणं आणि हवा काढणं

गळती बंद केली, कूलंट भरलं, तरी गाडी तापतेच: यामागे बहुतेक वेळा आत अडकलेली हवा असते. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हे सावकाश करा.

कूलंट कोणतं? पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचंच. रंगावर जाऊ नका. रंग ही फक्त कंपनीने घातलेली डाय आहे, हिरव्या रंगात दोन वेगळ्या जातींची रसायनं मिळतात. न जुळणारी मिसळली तर गंजरोधक गुण जातात आणि कधी चिकट गाळ तयार होऊन हीटर कोर तुंबतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’ हे नीट वाचा. कॉन्सन्ट्रेट निव्वळ भरू नका: निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं, म्हणजे महागडं कूलंट भरून गाडी जास्त तापते. पाणी मिसळायचं ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.

फ्लश केल्यावर एक हिशेब हमखास चुकतो. समजा क्षमता ६ लिटर आहे. साध्या पाण्याने धुऊन तुम्ही रेडिएटरचा प्लग उघडला आणि ३.५ लिटर बाहेर आलं. उरलेलं २.५ लिटर पाणी ब्लॉक आणि हीटरमध्येच आहे. आता ३.५ लिटर तयार मिश्रण भरलं तर एकूण ग्लायकॉल ३० टक्क्यांच्याही खाली येतं. त्याऐवजी आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट टाका, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. आतलं पाणी धरून निम्मं-निम्मं प्रमाण साधतं.

भरण्याचा क्रम:

१. गाडीचं नाक वर राहील अशी ती चढावर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. झाकण यंत्रणेतला सगळ्यात उंच बिंदू व्हायला हवा. हीटर पूर्ण गरमवर.

२. थर्मोस्टॅट हाऊसिंगवर, वरच्या होजवर किंवा हीटरच्या पाईपवर ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा.

३. बारीक धारेने भरा. घाईने ओतलं की हवा खालीच कोंडते. मधूनमधून वरचा होज पिळा; बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा.

४. ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे न येता अखंड धार आली की तो आवळा. हलक्या हाताने, प्लास्टिकचा असतो आणि सहज तुटतो.

५. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत ते उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. पातळी वरखाली होईल, भरत राहा. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज गरम होतो. काठोकाठ भरून झाकण लावा. झाकण फक्त बाटलीवर असेल तर बऱ्याच गाड्यांत ते लावूनच इंजिन चालवायचं असतं; पुस्तिका सांगेल तसं करा.

६. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. हीटरमधून सतत गरम वारा आला पाहिजे. मधेच थंड झाला किंवा डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तर हवा अजून आत आहे.

७. गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पाहा. थोडी उतरलेली असेलच, भरा. बाटलीची मॅक्स रेघ थंड इंजिनासाठी असते.

एकूण किती लिटर आत गेलं ते क्षमतेशी ताडून पाहा. सगळं रिकामं करून ६ लिटरच्या यंत्रणेत ४ लिटरच मावलं तर बाकीच्या जागेत हवा आहे किंवा जुनं पाणी.

पातळी पूर्ण, हवा नाही, तरी तापतं

कधी तापतं यावरून कारण जवळजवळ निम्मं कळतं.

सिग्नलला, गर्दीत तापतं आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरतो: पंखा. एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले शेजारच्या तशाच रिलेशी बदलून पाहा, मग मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर दोष स्विच, सेन्सर किंवा वायरिंगचा. मोटर बदलल्यानंतर तापायला लागलं असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना ते पाहा. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा इंजिनाकडे ओढतो. पुढच्या जाळीवर कागद धरला तर तो चिकटला पाहिजे, उडता कामा नये.

गावात ठीक, हायवेवर किंवा चढावर तापतं: कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडतेय. आधी बाहेरून पाहा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती, किडे, पानं यांचा गादीसारखा थर बसतो आणि पुढून तो दिसत नाही. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात. मग रेडिएटर आतून तुंबलाय का ते पाहा. इन्फ्रारेड थर्मामीटर गाभ्यावरून फिरवला की तापमान एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश उतरलं पाहिजे. मधेच थंड पट्टा असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेस दिल्यावर खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो का तेही पाहा. वॉटर पंपाच्या आतला पंखा प्लास्टिकचा असेल तर दांड्यावर नुसताच घसरू शकतो. तेव्हा बाहेरून गळती नाही, आवाज नाही, पण प्रवाह नाही.

वरचा होज चटका बसेल इतका गरम आणि खालचा थंड: थर्मोस्टॅट उघडत नाही, किंवा हवा अडकलीय, किंवा रेडिएटर पूर्ण तुंबलाय. आता थर्मोस्टॅट काढून तपासायला हरकत नाही. पाण्याच्या भांड्यात तारेने लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोबत. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी १० ते १५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना त्यावरचं छोटं भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला. हवा तिथून निघते. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका: इंजिन कामाच्या तापमानाला येत नाही, इंधन जास्त जातं, आणि काही इंजिनांत बायपास उघडाच राहिल्याने बरंचसं कूलंट रेडिएटरला टाळून फिरतं, म्हणजे उलट जास्त तापतं.

सेन्सरवर शंका असेल तर रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर लावा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-चार अंशांच्या फरकात सारखं दिसलं पाहिजे. कूलंट एकटंच ७० दाखवत असेल तर दोष सेन्सरचा किंवा वायरचा.

रस्त्यात अडकलात तर

होज क्लिपेजवळ फाटला असेल आणि लांबी पुरत असेल तर फाटलेलं टोक कापून पुन्हा बसवा. मधे फाटला असेल तर पुसून कोरडा करा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवत गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप दाबात टिकत नाही. हीटर कोर गळत असेल तर इंजिनकडून येणारे त्याचे दोन होज एका पाईपच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. हीटर बंद, पण गाडी चालते. कूलंट नसेल तर पिण्याचं पाणी चालतं, मात्र इंजिन गार झाल्यावरच, आणि घरी पोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरायचं. लीक बंद करणारी पावडर किंवा द्रव शेवटचा उपाय म्हणून ठेवा. ती रेडिएटरची गळती आणि हीटर कोरची बारीक नळी यांत फरक करत नाही.

असं जुगाड करून निघालात तर एसी बंद, हीटर चालू, वेग बेताचा, आणि दर आठ-दहा किलोमीटरवर थांबून खाली थेंब पडतोय का ते पाहा.

दुरुस्तीनंतरचा आठवडा

बाटलीवर मार्करने रेघ ओढून तारीख लिहा. रोज सकाळी, स्टार्ट करण्याआधी पातळी पाहा. पहिले दोन दिवस थोडी उतरेल, ती उरलेली हवा. तिसऱ्या दिवसापासून जागची हलता कामा नये. सोबत डिपस्टिकही ओढून पाहा: ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर कूलंट तिकडे जातंय. नव्याने बसवलेल्या होजच्या क्लिपा दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर एकदा पुन्हा आवळा. स्प्रिंगच्या क्लिपांना त्याची गरज नसते. गाडी पूर्वी एकदा जरी लालमध्ये गेली असेल तर सकाळचा कडक होजचा तपास आठवड्याच्या शेवटी पुन्हा करा, कारण तापलेलं गॅस्केट लगेच नाही, काही दिवस चालूनही उडतं.